डिस्नेचं मधल्या भावातलं हॉटेल: घरच्या ग्रुपवरची चर्चा

दादा: आई-बाबांची विमानाची तिकिटं झाली. ऑक्टोबरच्या शेवटी न्यूअर्कला उतरतायत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलांना सुट्टी आहे, तेव्हा सगळे मिळून ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्ड. आता हॉटेल ठरवायचंय. अगदी स्वस्तातलं नको आणि फार महागही नको. ६ माणसं, ५ रात्री. टॅम्पावाले, तुम्ही तिथून जवळ राहता, तुमचं मत सांगा.

मी: सांगते. पण आधी एक कर. त्या आठवड्यात शिक्षकांचं अधिवेशन असतं म्हणून न्यू जर्सीतल्या शाळा बंद असतात आणि निम्मी जर्सी इथे येते. इकडे त्याला ‘जर्सी वीक’ असंच नाव आहे. त्यामुळे खोल्या लवकर धरून ठेव. पॅकेज न घेता नुसती खोली घेतलीस तर एका रात्रीचे पैसे भरावे लागतात आणि आठवडाभर आधी रद्द केलीस तरी पूर्ण परत मिळतात.

बाबा: एका रात्रीचे किती पडतात?

दादा: डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत, मधल्या वर्गात साधारण २५० ते ४०० डॉलर. वर साडेबारा टक्के कर.

बाबा: म्हणजे ३०० धरले तरी २५ हजार रुपयांच्या वर. एका रात्रीचे! आम्ही दोघं तिथे फक्त झोपणार. बाहेर एखादं साधं हॉटेल बघा.

काका: मीही तेच म्हणतो. डिस्नेच्या शेजारच्या किसिमी गावात १९२ नंबरच्या हायवेवर याच्या निम्म्यात चांगल्या खोल्या मिळतात. गाडी भाड्याने घ्या, प्रश्न मिटला.

मी: काका, तरुण जोडपं असतं तर मीही १९२ वरच पाठवलं असतं. पण इथे आईचे गुडघे आहेत. बाहेरून गाडीने मॅजिक किंगडमला, म्हणजे डिस्नेच्या चार पार्कांपैकी एकाला, गेलं की गाडी पार्कच्या दारात लागतच नाही. ती लागते तळ्याच्या अलीकडे. पार्किंगचे रोज तीसएक डॉलर. तिथून चालत किंवा छोट्या ट्रॅमने स्टेशनपर्यंत, मग मोनोरेल किंवा फेरीबोटीने तळ्यापलीकडे जायचं, तेव्हा कुठे प्रवेशद्वार. रात्री आतषबाजी संपल्यावर हाच सगळा रस्ता हजारो माणसांबरोबर उलटा, खांद्यावर झोपलेला धाकटा. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलची बस मात्र मॅजिक किंगडमच्या दारापाशीच सोडते आणि तिथूनच परत घेते. तिला पैसे नाहीत. हॉटेलात राहणाऱ्यांना चारही पार्कांत रोज अर्धा तास आधी सोडतात. मुलांच्या गर्दीच्या राइड्स त्या अर्ध्या तासात होतात.

आणि बाबा, तुम्ही फक्त झोपायला येणार नाही. सकाळी ८ ते रात्री १० पार्कात कोणाच्याच्याने होत नाही. दुपारी १ ते ५ खोलीवर यायचंच. मुलं पोहतील, तुम्ही दोघं आडवे व्हाल. हॉटेल दूर असलं तर ही दुपारची विश्रांती पहिल्याच दिवशी रद्द होते, आणि मग संध्याकाळी सगळे एकमेकांवर चिडतात.

वहिनी: मला कॅरिबियन बीच आवडलंय. फोटो टाकतेय. रंगीत घरं, मधोमध तळं, वाळू, आणि तिथूनच ती हवेतली केबल कार सुटते. मुलांनी फोटो बघितल्यापासून दुसरं काही ऐकायला तयार नाहीत.

मावशी: अय्या, किती सुंदर!

मी: वहिनी, सुंदर आहेच. मधल्या वर्गातलं ते पहिलं हॉटेल, १९८८ चं. स्कायलायनर, म्हणजे ती केबल कार, २०१९ मध्ये आलं. त्याच्या सगळ्या लाइनी तिथेच येऊन मिळतात, त्यामुळे एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज ही दोन पार्कं फार सोयीची. तुम्ही चौघंच असता तर मी डोळे मिटून हो म्हटलं असतं. पण त्या इमारती दुमजली आहेत आणि लिफ्ट नाही. शिवाय आवार तळ्याभोवती पसरलेलं आहे, खोली लांबच्या बाजूला मिळाली तर जेवणाच्या जागेपर्यंत चांगलंच चालावं लागतं. आतल्या आत बस फिरते, पण चहासाठी आईने बसची वाट बघायची का?

आई: मी चढते गं जिना. सावकाश चढले की काही होत नाही.

मी: आई, दिवसभरात १२-१५ हजार पावलं होतात तिथे. त्यानंतरच्या जिन्याबद्दल बोलतेय मी. तळमजला मागता येतो, पण मागणी म्हणजे हमी नव्हे.

वहिनी: हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कुठल्याच फोटोत लिफ्ट आहे की नाही ते दिसत नाही.

आतेभाऊ: मग कोरोनाडो स्प्रिंग्ज घ्या की. नवीन टॉवर आहे, १५ मजली, लिफ्टच लिफ्ट. खोल्यांचं दार आतल्या गार कॉरिडॉरमध्ये उघडतं. बाकीच्यांत बाहेरच्या गॅलरीत उघडतं.

मी: खरंय, ग्रॅन डेस्टिनो टॉवर २०१९ चा आहे आणि मधल्या वर्गात खोल्या सगळ्यांत देखण्या त्याच्याच. मुलांच्या पोहण्याच्या तलावात माया संस्कृतीसारखा भलामोठा पिरॅमिड आहे. पण तो तलाव टॉवरपासून दूर, तळ्याच्या पलीकडे. आणि ते हॉटेल परिषदांसाठी बांधलेलं आहे. नाश्त्याच्या वेळी गळ्यात ओळखपत्रं घातलेली मंडळी लॅपटॉप घेऊन बसलेली असतात. एकट्या जोडप्याला झकास. ५ आणि ९ वर्षांच्या मुलांना घेऊन जाताना मी ते निवडणार नाही.

दादा: मग उरलं पोर्ट ऑर्लीन्स. त्यात दोन आहेत ना?

मी: हो, आणि दोघांत फरक भरपूर आहे, नावावर जाऊ नकोस. रिव्हरसाइड म्हणजे २ हजारांवर खोल्या, नदीकाठी झाडी, चार बसथांबे. त्यात ॲलिगेटर बायू नावाचा भाग आहे, तिथे पाचव्या माणसासाठी भिंतीतून खाली येणारा छोटा पलंग मिळतो, पण लिफ्ट नाही. मॅग्नोलिया बेंडमध्ये लिफ्ट आहे. फ्रेंच क्वार्टर त्याच्या निम्म्याचं, १००८ खोल्या. मधल्या वर्गातलं सगळ्यांत लहान. तिमजली इमारती, प्रत्येकीला लिफ्ट, बसथांबा एकच. लॉबी, फूड कोर्ट, तलाव, बोटीचा धक्का, सगळं पाच-सात मिनिटांच्या चालण्यात. कुठलीही खोली मिळाली तरी ती ‘लांबची’ नसते. मला याच गोष्टीचं सगळ्यांत मोल वाटतं. बाकी हॉटेलांत जवळच्या खोलीसाठी जादा पैसे मोजावे लागतात, इथे गरजच पडत नाही.

आतेभाऊ: पण तिथे बसून जेवायचं रेस्टॉरंट नाही. आणि एका खोलीत चारच माणसं.

मी: दोन्ही बरोबर. रेस्टॉरंट हवं तेव्हा शेजारच्या रिव्हरसाइडला नदीकाठाने चालत जाता येतं, दहा-पंधरा मिनिटं. चार माणसांचं म्हणशील तर ६ जणांना कुठेही दोन खोल्या लागणारच. मग चार अधिक दोन अशी वाटणी सरळ बसते. दादा-वहिनी आणि मुलं एका खोलीत, आई-बाबा दुसऱ्या. एका खोलीत दोनपेक्षा जास्त प्रौढ असले की डिस्ने दर रात्री जादा आकार लावतं, तोही वाचतो.

काका: दोन खोल्या म्हणजे दुप्पट खर्च. सहा माणसांची एकच मोठी खोली नाही मिळत?

दादा: काका, मिळते. आर्ट ऑफ ॲनिमेशनमध्ये फॅमिली स्वीट आहे. दोन बाथरूम, मायक्रोवेव्ह, लिफ्ट, स्कायलायनरही. हॉटेल म्हणायला स्वस्त वर्गातलं, पण स्वीटचा भाव बघितला तर मधल्या वर्गाच्या दोन खोल्यांच्या आसपासच जातो.

मी: दोन बाथरूम ही फार मोठी सोय आहे, ते मी नाकारणार नाही. पण बंद दाराची बेडरूम एकच. ती आई-बाबांना दिली की तुम्ही दोघं सोफ्याच्या पलंगावर आणि मुलं जेवणाच्या टेबलाचा पलंग होतो त्यावर. बाबा पहाटे ५ ला उठतात, त्यांना चहा हवा. सोफ्यावर तुम्ही झोपलेले, ते बाहेर येणार कसे? पोर्ट ऑर्लीन्सला दोन दारं आहेत. बाबा उठून नदीकाठी फेरी मारून येतील, कोणाची झोप मोडणार नाही.

बाबा: हा मुद्दा पटला.

मावशी: ताईच्या जेवणाचं काय पण? अंडंसुद्धा चालत नाही तिला. पाच दिवस काय खाणार?

वहिनी: म्हणूनच मी डिस्नेच्याच फोर्ट वाइल्डरनेसच्या केबिनही बघत होते. ६ माणसं मावतात आणि पूर्ण स्वयंपाकघर आहे. आईंना वरणभात करता येईल.

मी: नव्या केबिन आहेत त्या, २०२४ च्या. झाडीतलं शांत घर, मॅजिक किंगडमला थेट बोट. पण बाथरूम एक, बेडरूममध्येच मुलांचे बंक पलंग, आणि आवार इतकं मोठं की धक्क्यावर जायलाही आतली बस. भावही मधल्या वर्गाच्या पुढचा. आणि मनापासून सांगू का, आईला तिथे ओट्याशी उभी करायची नाहीये मला. साठ वर्षं केलाय तिने स्वयंपाक.

आई: अगं, मला त्रास नसतो त्याचा.

मी: माहीत आहे. तरी नाही. आता जेवणाचं सांगते. खोलीत छोटा फ्रिज असतो, मायक्रोवेव्ह नसतो, पण फूड कोर्टात असतो. पार्कात घरचं खाणं न्यायला परवानगी आहे, काचेच्या बाटल्या-बरण्या तेवढ्या चालत नाहीत. थेपले, दशम्या, चिवडा, लाडू खुशाल न्या. किराणा हॉटेलवर मागवता येतो, दूध-दही-केळी पहिल्याच संध्याकाळी मागवा. पिण्याचं थंड पाणी पार्कात कुठल्याही खाण्याच्या काउंटरवर फुकट देतात, बाटल्या विकत घेऊ नका. मेनूत हिरव्या पानाची खूण असते ते पदार्थ पूर्ण वनस्पतीजन्य, म्हणजे मांस, अंडं, दूध काहीच नाही. तिथे आईला विचारत बसावं लागणार नाही. मात्र फ्रेंच क्वार्टरचे मिकीच्या आकाराचे बेन्ये (तळलेले गोड पाव) प्रसिद्ध आहेत, ते घेताना अंड्याचं आधी विचारा.

आणि एक दिवस साना नावाचं रेस्टॉरंट. ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्याच हॉटेलात आहे, तिथे राहत नसलो तरी जेवायला जाता येतं. नान आणि त्याबरोबर चिंचेची, कोथिंबिरीची, आंब्याची चटणी, रायतं असं बरंच काही. काचेपलीकडे जिराफ चरत असतात. ॲनिमल किंगडम पार्कच्या दिवशीच ठेवा, तिथून बस सोपी पडते.

मोठी (व्हॉइस मेसेज, वहिनींनी लिहून टाकला): आत्या, पण मग केबल कार नाही का मिळणार? आणि घसरगुंडी आहे का?

मी: राणी, घसरगुंडी आहे, चक्क समुद्री नागाच्या अंगावरून! स्वस्त वर्गातल्या हॉटेलांत घसरगुंडी नसते, मधल्या वर्गात असते. आणि केबल कारला तिकीट लागत नाही. एपकॉटच्या दिवशी मागच्या दाराने बाहेर पडायचं, स्कायलायनरने हॉलिवूड स्टुडिओजपर्यंत जायचं आणि परत यायचं. मध्ये कॅरिबियन बीचला उतरून बदलायची असते. विजा चमकायला लागल्या की बंद करतात, पण नोव्हेंबरात त्याची भीती कमी.

बाबा: आम्हाला चारही दिवस पार्कात यायला हवं का? तिकिटं फार महाग दिसतायत.

मी: मुळीच नाही बाबा, आणि हे दादाने नीट लक्षात घ्यावं. सगळ्यांनी सारख्याच दिवसांची तिकिटं घ्यायची असा नियम नाही. तुमच्या दोघांसाठी मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडम पुरे. हवं तर एपकॉट. हॉलिवूड स्टुडिओजला मुलं आणि हे दोघं जातील. त्या दिवशी तुम्ही फ्रेंच क्वार्टरच्या धक्क्यावरून बोटीने डिस्ने स्प्रिंग्जला जा. दुकानं, संगीत, बसायला बाकं, आत जायला तिकीट नाही. अशी बोट मिळते म्हणून तर मी पोर्ट ऑर्लीन्सवर अडून बसलेय. बाकी हॉटेलांत पार्कात न जाणाऱ्या माणसाला दिवसभर करायला फारसं काही नसतं.

बाबा: बोटीचे किती?

मी: काही नाही.

आई: मग मला ते नदीवालंच आवडेल.

काका: विमानतळावरून न्यायला हॉटेलची बस येते ना? आमच्या शेजाऱ्यांना आली होती.

दादा: काका, ती फुकट बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. आता पैसे देऊन बस मिळते. पण सहा माणसं आणि आईच्या दोन मोठ्या बॅगा, मोठी व्हॅनच सांगतो.

मी: तेच कर. आणि मॅजिक किंगडमचा दिवस ठरवताना बघ, नोव्हेंबरात काही रात्री ख्रिसमसची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते. त्या दिवशी इतरांना संध्याकाळी लवकर बाहेर काढतात. दिवसा गर्दी मात्र कमी असते. आई-बाबांना आतषबाजी दाखवायचीय, तर पार्टी नसलेला दिवस घे.

दादा: बघितलं. फ्रेंच क्वार्टरला दोन खोल्या दिसतायत, बागेच्या बाजूच्या. नदीच्या बाजूच्या रात्रीला बऱ्याच महाग आहेत.

मी: बागेच्याच घे. नदी खाली उतरलं की आहेच. दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून द्यायला फोनवर सांग, आणि मधलं दार असलेल्या खोल्या माग. ऑनलाइन चेक-इन करताना ‘लिफ्टजवळ’ असं नोंदव. आईसाठी व्हीलचेअर रोज पार्कात भाड्याने मिळते, ती घ्यायची की नाही ते तिथे गेल्यावर ठरवा.

आई: व्हीलचेअर नको हं. लोक काय म्हणतील.

वहिनी: आई, तिथे हजारो लोक घेतात. तुम्ही हवं तेव्हाच बसा, एरवी धाकटा बसेल.

दादा: दोन्ही खोल्या बुक केल्या. एका रात्रीचे पैसे भरलेत, बाकीचे नंतर.

बाबा: कागद मला पाठव. छापून ठेवतो.

वहिनी: मी सानाचं टेबल लावते. ६० दिवस आधी उघडतं ना? सहा जणांचं, दुपारचं, म्हणजे जिराफ उजेडात दिसतील.