‘अशुद्ध’, ‘ओवळं’ की ‘चालत नाही’?

प्रश्न : मराठी बायबलात ‘लेवीय’ या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात उंट, ससा, डुक्कर यांना ‘अशुद्ध’ म्हटलं आहे. म्हणजे घाणेरडे का? आणि यहुद्यांच्या खाण्यातल्या ‘कोशेर’ला मराठीत काय म्हणावं?

उत्तर : घाणेरडे नव्हे. मूळ हिब्रू शब्द ‘तामे’, त्याच्या उलट ‘ताहोर’. सोवळ्यात वाळत घातलेल्या पातळाला कुणाचा हात लागला, की ते मळत नाही, पण ओवळं होतं. ‘तामे’ हीसुद्धा अशीच अवस्था आहे. बाळंतीण तामे होते, प्रेताला खांदा देणारा तामे होतो, आणि त्यात पाप कसलंच नाही. त्यामुळे ‘अशुद्ध’पेक्षा ‘ओवळं’ जवळचं. तरी मी तो शब्द घेणार नाही. सोवळं म्हटलं की जातीची उतरंड मागोमाग येते, आणि लेवीयमधली ही यादी याजकापासून गुराख्यापर्यंत सगळ्या इस्राएलाला सारखीच आहे. शिवाय ओवळा माणूस आंघोळ करून सोवळ्यात येतो, डुक्कर कितीही धुतलं तरी ताहोर होत नाही.

माझ्या मते किल्ली ‘लाखेम’ या छोट्या शब्दात आहे. ‘तामे हू लाखेम’, म्हणजे ‘ते तुम्हांला तामे’. चालायचं तर जनावर रवंथ करणारं हवं आणि खूरही दुभंगलेला हवा. उंट रवंथ करतो, पण त्याचा खूर पुरता दुभंगलेला नाही. डुकराचं नेमकं उलट. प्राणी वाईट आहे असं तिथे म्हटलेलं नाही, तो तुम्हांला नाही, एवढंच. बायबलातलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक (१४:२१) तर सांगतं, की आपोआप मेलेलं जनावर तुम्ही खाऊ नका, गावातल्या उपऱ्याला द्या किंवा परक्याला विका. वस्तूच विषारी असती तर असं कोण सांगेल? म्हणून ‘पथ्य’ही बसत नाही. आरोग्याचं कारण पुढच्या काळात अनेकांनी दिलं, पण तो अध्याय स्वतः देतो ते कारण वेगळं आहे : मी पवित्र आहे, म्हणून तुम्हीही पवित्र व्हा. या ‘पवित्र’साठी हिब्रूत ‘कादोश’ आहे, आणि त्यात वेगळं काढून ठेवल्याचा भाव आहे, घरात नैवेद्याचं आधी वेगळं काढतो तसा.

हे सगळं मराठीत एका वाक्यात येतं : ‘आमच्यात चालत नाही.’ हे म्हणणारी बाई शेजारणीच्या ताटाला नावं ठेवत नसते. तिच्या घरची रीत सांगत असते.

‘कोशेर’ म्हणजे योग्य, चालणारं. गंमत अशी की लेवीयच्या त्या यादीत हा शब्दच नाही. एस्तेर ८:५मध्ये आहे, आणि तिथे अन्नाचा संबंध नाही, राजाला गोष्ट योग्य वाटली तर, एवढाच अर्थ. अन्नासाठी तो पुढे रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, परंपरेत रुळला. उलट ‘त्रेफ’ मूळचा ‘फाडलेलं’, रानात श्वापदाने फाडलेलं मांस (निर्गम २२:३१). आता न चालणाऱ्या कुठल्याही अन्नाला त्रेफ म्हणतात.

कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांची, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ‘शनवार तेल्यां’ची, आठवण इथे यायलाच हवी. त्यांची परंपरा सांगते, की बाहेरून आलेल्या दावीद राहाबी या यहुद्याने त्यांच्या बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली. त्यांनी लेवीयच्या नियमात बसणारी, पर आणि खवले असलेली तेवढी शिजवायला घेतली, बाकीची बाजूला सारली, आणि त्यावरून त्याने ओळखलं की ही माणसं यहुदीच. चिंबोरी, कोळंबी, तिसऱ्या भोवतालच्या सगळ्या गावाला चालत होत्या. मटणात दुधदुभतं नको म्हणून त्यांच्या रश्शात नारळाचं दूध पडतं. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा तोरात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, तीनदा आली आहे, ती अशी नारळाच्या वाडीत पोचली. मला हे फार मोलाचं वाटतं.

शंका : मग ख्रिस्ती लोकांना डुक्कर कसं चालतं? गोव्यात सोरपोतेल तर सणाचं.

उत्तर : प्रेषितांची कृत्ये, अध्याय १०. यापो गावात येशूचा शिष्य पेत्र याला आकाशातून उतरणारी चादर दिसते, तिच्यात सगळे प्राणी, आणि ‘मारून खा’ असा आवाज. पण पेत्र स्वतः त्याचा अर्थ लावतो तो माणसांबद्दल : कुठल्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये. पुढे तो परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, कर्नेल्याच्या घरात पाऊल ठेवतो. एका पंगतीला बसण्याचा प्रश्न होता. तरी सगळ्याच चर्चनी यादी सोडली नाही. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आजही डुक्कर खात नाहीत. त्यांच्यात चालत नाही.