'डीकलोनियल'ला मराठीत काय म्हणायचं?

तत्त्वज्ञानाच्या एम.ए.च्या मुलांसाठी टिपण लिहितेय, संशोधनाच्या पायाकडे डीकलोनियल नजरेने बघण्यावर. सगळीकडे 'निर्वसाहतीकरण' दिसतं पण ते वाचलं की झेंडा बदलला, साहेब गेला एवढंच डोळ्यापुढे येतं. मला म्हणायचंय ते त्याच्या पुढचं, साहेब गेल्यावरही आपण प्रश्न त्याच्याच पद्धतीने विचारत राहिलो ते. सुचवा.

— निर्वसाहतीकरण राजकीय अर्थाने बरोबरच आहे, राहू द्या. पेरूचे समाजशास्त्रज्ञ आनिबाल किहानो हाच फरक करतात, वसाहतवाद ही राजवट आणि ती संपल्यावरही वंश, श्रम, ज्ञान यांची जी उतरंड मागे उरते ती वेगळी. तिला मी 'वसाहतिकता' म्हणतो, जड आहे पण फरक कळतो.

— मला तर आतल्या शब्दांची जास्त काळजी वाटते. एपिस्टेमॉलॉजीला, म्हणजे ज्ञान म्हणजे काय आणि ते कसं मिळतं या विचाराला, आपण सरळ ज्ञानमीमांसा म्हणून मोकळे होतो. पण पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात नॉलेज खोटं असू शकत नाही, खोटं निघालं तर ते नॉलेज नव्हतंच असं म्हणतात. न्यायदर्शनात ज्ञान खरं-खोटं दोन्ही प्रकारचं असतं, अंधारात दोरी बघून साप वाटला तर तेही ज्ञानच, फक्त अयथार्थ, म्हणजे वस्तू आहे तशी न दाखवणारं. यथार्थ अनुभव म्हणजे प्रमा, आणि तिचं साधन ते प्रमाण. बरं नॉलेज म्हणजे प्रमा म्हणावं तर तेही जमत नाही, कारण नैयायिक (न्यायदर्शनाचे पंडित) स्मृतीला प्रमेतून वगळतात आणि आपल्याला तर आठवणारी गोष्ट 'माहीत' असतेच की! हे न सांगता शिकवलं की मुलांना वाटतं प्लेटो आणि न्यायसूत्रं लिहिणारा गौतम एकाच प्रश्नाची उत्तरं देतायत. 1983 मध्ये पुण्यात दया कृष्ण, मे. पुं. रेगे वगैरे तत्त्वज्ञांनी ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलचा प्रपोझिशनचा (खरं किंवा खोटं ठरू शकणाऱ्या विधानाचा) विचार संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवला होता. एरवी आपली दर्शनं पाश्चात्त्य चौकटीत तपासली जातात, तिथे रसेलला न्यायाच्या भाषेत तपासलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

— पटलं, पण संस्कृतापाशी थांबू नका प्लीज. जोतीरावांनी 1873 ला 'गुलामगिरी'त अवतारांच्या त्याच कथा हरलेल्यांच्या बाजूने वाचल्या, पोथी पुरावा म्हणून कशी वाचायची हा संशोधनाच्या पायाचाच प्रश्न झाला ना. आणि माओरी अभ्यासक लिंडा तुहिवाई स्मिथ 1999 च्या पुस्तकात लिहितात की मूळनिवासींना रिसर्च हा शब्दच घाणेरडा वाटतो, पूर्वजांच्या कवट्यांत धान्याचे दाणे भरून बुद्धी मोजली होती त्यांची. इकडे ब्रिटिश अधिकारी रिस्ले नाकं मोजून जातींचा वंश ठरवत होता. त्यामुळे 'संशोधन' हा शब्द पण टिपणात तपासाच.

— आभार सगळ्यांचे. वसाहतिकता घेते, ज्ञान आणि प्रमेवर वेगळं पान करते, जोतीराव तर हवेतच. अजून एक अडलंय, इन्फॉर्मंटला आम्ही 'माहितीदाता' लिहितो. जात्यावरची ओवी सांगणारी बाई त्या ओवीचा अर्थही स्वतः लावते, दुसऱ्या गावात वेगळं का म्हणतात तेही सांगते, तिला नुसती माहिती देणारी म्हणणं मला पटत नाही. तुम्ही काय लिहिता?