‘उत्तेजक चाचणीत दोषी’ : हा शब्दप्रयोग कितपत योग्य?

प्रश्न :

व्यावसायिक सायकल शर्यतींच्या बातम्यांत ‘अमुक सायकलपटू उत्तेजक चाचणीत दोषी आढळला’ हे वाक्य ठरल्यासारखे येते. प्रयोगशाळेने नमुन्यात एखादे द्रव्य सापडल्याचे कळवले असेल आणि चौकशी अजून व्हायची असेल, तरीही वाक्य हेच असते. या जागी ‘दोषी’ हा शब्द योग्य आहे का? तसेच ईपीओसारख्या द्रव्याला ‘उत्तेजक’ म्हणावे का?

प्रतिसाद :

‘दोषी’ हा निवाड्याचा शब्द आहे आणि प्रयोगशाळा निवाडा करत नाही. नमुन्यात काय आढळले आणि किती प्रमाणात आढळले, एवढेच ती सांगते. नमुना कोणाचा आहे हेदेखील तिला ठाऊक नसते, कारण बाटलीवर नाव नसते, केवळ क्रमांक असतो. लघवी खेळाडूसमोरच ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत भरून सीलबंद केली जाते आणि ‘अ’ बाटलीत काही सापडले तर ‘ब’ बाटली तपासून घेण्याचा हक्क खेळाडूला असतो. त्यानंतर त्याचे म्हणणे ऐकले जाते, सुनावणी होते आणि मग निर्णय येतो. ‘दोषी’ हा शब्द या निर्णयानंतरच शोभतो.

ब्रिटिश सायकलपटू ख्रिस फ्रूमचे प्रकरण पाहा. 7 सप्टेंबर 2017 रोजी स्पेनमधील व्हुएल्टा शर्यतीदरम्यान घेतलेल्या त्याच्या नमुन्यात साल्ब्युटामॉल हे दम्याचे औषध एका मिलिलिटरमागे 2000 नॅनोग्रॅम आढळले. मर्यादा 1000 नॅनोग्रॅमची होती. हे औषध ठरावीक प्रमाणात श्वासावाटे घेण्यास मुभा असल्यामुळे त्याच्यावर तात्पुरते निलंबनही आले नाही. डिसेंबरात ही गोष्ट वृत्तपत्रांतून बाहेर आली, मे 2018 मध्ये त्याने इटलीची जिरो शर्यत जिंकली आणि जुलैच्या आरंभी यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने प्रकरण बंद केले. म्हणजे मधल्या सात महिन्यांत ज्यांनी ‘दोषी’ लिहिले, त्यांनी कधीही न झालेला निवाडा वाचकांना सांगितला. माझ्या मते ही केवळ भाषेची ढिलाई नाही, तर एका माणसावर झालेला अन्याय आहे.

अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या बाबतीत हाच शब्दप्रयोग उलट बाजूने चुकतो. 1999 च्या टूर द फ्रान्समध्ये त्याच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टिरॉइडचा अंश आढळला होता, परंतु मलमासाठी डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी पुढे केल्यावर ते प्रकरण तेथेच मिटले. 2012 मध्ये यूसाडा या अमेरिकी डोपिंगविरोधी संस्थेने त्याच्यावर आजन्म बंदी घातली आणि त्याची टूरची सातही विजेतेपदे गेली, ती मुख्यतः 11 माजी सहकाऱ्यांच्या साक्षी, पैशांच्या व्यवहारांच्या नोंदी आणि अन्य पुराव्यांमुळे. तो दोषी ठरला, पण ‘चाचणीत’ ठरला नाही.

‘उत्तेजक’ या शब्दाविषयी. 13 जुलै 1967 रोजी टूरमध्ये मों व्हाँतूच्या चढणीवर ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन कोसळून मरण पावला. प्रचंड उष्मा, अतिश्रम आणि त्याच्या शरीरात सापडलेले अ‍ॅम्फेटामिन ही त्यामागची कारणे मानली गेली. अ‍ॅम्फेटामिन मज्जासंस्थेला चेतवते, थकवा जाणवू देत नाही. त्याला ‘उत्तेजक’ म्हणणे अगदी अचूक आहे. ईपीओ मात्र तसे नाही. ते मूळचे मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक असून त्याने तांबड्या पेशी वाढतात आणि स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो. त्यात उत्तेजना कोठेच नाही. स्वतःचेच रक्त काढून, साठवून, शर्यतीपूर्वी पुन्हा चढवून घेण्याच्या प्रकारात तर बाहेरचे द्रव्यच नसते. ‘वाडा’ या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीतही उत्तेजके हा अनेक गटांपैकी एकच गट आहे. म्हणून सर्वसाधारण उल्लेखासाठी मी ‘प्रतिबंधित द्रव्य’ लिहितो आणि रक्ताच्या प्रकारांसाठी ‘प्रतिबंधित पद्धत’. ‘डोपिंग’ हा शब्दही आता मराठीत रुळलेला आहे. ‘अमली पदार्थ’ मात्र या संदर्भात नकोच.

उपप्रश्न :

मथळ्यात एवढी सावधगिरी बसवायची कशी? शिवाय ‘सेवन’ या शब्दाचे काय? ‘सेवनाबद्दल दोन वर्षांची बंदी’ असे सर्रास लिहिले जाते.

प्रतिसाद :

मथळ्याला ‘चाचणी पॉझिटिव्ह’ पुरते. तो शब्द प्रयोगशाळेचाच असल्यामुळे तिच्या अधिकाराबाहेरचे काही सांगत नाही. चौकशी चालू असताना शर्यतीपासून दूर ठेवले असेल तर ‘तात्पुरते निलंबन’, आणि निकालानंतर शिक्षा झाली असेल तरच ‘बंदी’, हा भेद मथळ्यातही सहज पाळता येतो.

‘सेवन’ या शब्दात जाणूनबुजून घेतल्याचा अर्थ येतो, म्हणून तो जपून वापरावा. 2010 च्या टूरमध्ये आल्बेर्तो काँतादोरच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल मिलिलिटरमागे 50 पिकोग्रॅम, म्हणजे अत्यंत सूक्ष्म प्रमाणात आढळले. ते मांसातून आल्याचे त्याचे म्हणणे होते. फेब्रुवारी 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते अमान्य केले, पण जाणूनबुजून घेतल्याचाही निष्कर्ष काढला नाही. दूषित पूरक आहारातून ते आले असण्याची शक्यता लवादाला सर्वाधिक वाटली. तरीही दोन वर्षांची बंदी झाली आणि विजेतेपद गेले, कारण शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, असा नियम आहे. येथे ‘सेवनाबद्दल बंदी’ लिहिले तर लवादाने जे म्हटलेच नाही ते त्याच्या तोंडी घातले जाते. ‘शरीरात प्रतिबंधित द्रव्य आढळल्याबद्दल बंदी’ हे लांब आहे खरे, पण निकाल तसाच आहे.

2008 पासून यूसीआयने सुरू केलेल्या जैविक पासपोर्टच्या प्रकरणांत तर ‘आढळल्याबद्दल’ हेही चालणार नाही. तेथे द्रव्य सापडलेले नसते. वर्षानुवर्षांच्या रक्ताच्या नोंदींत अस्वाभाविक चढउतार दिसतात आणि तज्ज्ञ त्यांवरून मत देतात. तेथे ‘रक्ताच्या नोंदींतील विसंगतीवरून कारवाई’ असे लिहावे.