कॅस्केडच्या जागी सिट्रा: वजन तेवढेच घ्यावे का?

प्रश्न
मी ओरेगनमधील पोर्टलंडला राहतो आणि घरी 20 लिटर पेल एल, म्हणजे फिक्या रंगाची बीअर, करणार आहे. माझ्याकडच्या कृतीत साठ मिनिटांच्या उकळीच्या सुरुवातीला 28 ग्रॅम आणि आच बंद करताना आणखी 28 ग्रॅम कॅस्केड जातीचे हॉप्स (बीअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) घालायला सांगितले आहेत. घरात मात्र सिट्रा या दुसऱ्या जातीच्या हॉप्सच्या गोळ्यांचे पाकीट आहे. तेवढ्याच वजनाने सिट्रा घातल्यास चालेल का?

उत्तर 1
सुरुवातीला तेवढेच घालू नका, बीअर दुपटीहून अधिक कडू होईल. कडवटपणा हॉप्समधील अल्फा आम्लांमुळे येतो; उकळत्या वर्टमध्ये (बीअर बनण्याआधीच्या माल्टच्या गोड द्रावात) त्यांची रचना बदलते आणि मगच ती नीट विरघळतात. कॅस्केडमध्ये ही आम्ले साधारण 5.5 टक्के असतात, तर सिट्रात 12 टक्क्यांच्या आसपास. म्हणून 28 ला 5.5 ने गुणून 12 ने भागा. सुमारे 13 ग्रॅम पुरतील. प्रत्येक हंगामाच्या पिकात हे प्रमाण बदलते, त्यामुळे हिशेब पाकिटावर छापलेल्या आकड्यावरूनच करावा.

उत्तर 2
हिशेब बरोबर आहे, तरी सिट्रा तासभर उकळणे मला पटत नाही. तिचे मोल सुगंधी तेलांत आहे आणि ती तेले वाफेबरोबर उडून जातात. कोथिंबीर आपण भाजी उतरवतानाच घालतो, तसेच हे आहे. कडवटपणासाठी मॅग्नमसारखी जर्मन जात घ्या, जिच्यात अल्फा आम्ले भरपूर असतात आणि वास सौम्य असतो. आच बंद केल्यावर वर्ट 80 अंश सेल्सिअसपर्यंत उतरू द्यावे, मग सिट्रा घालून वीस मिनिटे मुरवावी. या तापमानाला सुगंध बराच टिकतो आणि कडवटपणा थोडाच वाढतो.

चव मात्र मूळ कृतीची येणार नाही, हे आधीच लक्षात घ्या. कॅस्केड ही तुमच्याच ओरेगनमध्ये, कॉर्व्हॅलिसच्या संशोधनातून तयार होऊन 1972 मध्ये प्रसारित झालेली जात. सिएरा नेवाडा या अमेरिकी बीअर कंपनीच्या पेल एलमुळे घरोघरी पोहोचलेला ग्रेपफ्रूटचा आणि फुलांचा वास तिचाच आहे. सिट्रात आंबा, पॅशनफ्रूट आणि लिंबू पुढे येतात. मला स्वतःला पेल एलमध्ये कॅस्केडच अधिक शोभते असे वाटते.

उत्तर 3
किण्वन संपत आल्यावर थंड बीअरमध्येही हॉप्स घालणार असाल, तर बाटल्या भरण्याची घाई करू नका. हॉप्समधील विकरे उरलेल्या डेक्स्ट्रिनचे (यीस्टला न पचणाऱ्या पिष्टमय घटकांचे) साखरेत रूपांतर करतात, यीस्ट पुन्हा कामाला लागते आणि बंद बाटलीत दाब धोकादायक वाढू शकतो. हायड्रोमीटरचे (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचे) माप सलग काही दिवस स्थिर राहिले, तरच बाटल्या भराव्यात. उरलेल्या गोळ्या हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात.