पावसापेक्षा वाऱ्याकडे बघा

या चर्चेत वर बहुतेकांनी आतषबाजीच्या दिवशी पाऊस आला तर काय, एवढीच काळजी केली आहे. माझ्या मते खरी भीती वाऱ्याची. पाऊस सांभाळता येतो: आतषबाजीचे गोळे ज्यांतून उडवतात त्या नळ्यांच्या तोंडावर ॲल्युमिनियम फॉइल घट्ट बसवा, गोळा ती फाडून सहज वर जातो. वारा मात्र जळते तुकडे थेट गर्दीवर आणतो. त्यामुळे वारा ज्या बाजूने येतो तिकडेच प्रेक्षक बसवा, आणि दिशा फिरली तर थांबायचंच. ढगही बघा, ६ इंची गोळा साधारण ६०० फुटांवर फुटतो, ढग त्याखाली असतील तर नुसता उजेड दिसेल. आणि गडगडाट सुरू झाला की गोळ्यांना तारा जोडायचं काम तिथेच सोडून सगळ्यांनी लांब जा. इग्नायटर, म्हणजे तारेतल्या करंटने पेटून गोळा पेटवणारे छोटे भाग, अशा वेळी आपोआप पेटू शकतात.