त्या पोराला पुन्हा नाचताना कधी बघायचं?

रातराणी:
काल रात्री मेक्सिकन दिग्दर्शक अमात एस्कालांतेचा 'पेर्दिदोस एन ला नोचे' हा पिक्चर बघितला, 2023 चा, आणि आज दिवसभर कामात लक्षच लागेना म्हणून शेवटी लिहायला बसले. कारण त्यातला नट, हुआन दानिएल गार्सिया त्रेविन्यो. मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या मॉन्तेरे भागातला मुलगा. फर्नांदो फ्रीआसचा 'या नो एस्तोय आकी' नेटफ्लिक्सवर ज्यांनी बघितलाय त्यांना तो उलिसेस म्हणून आठवेल, कानशिलावरून खाली आलेल्या जेल लावलेल्या लांब बटा, ढगळ कपडे, आणि तो नाच. ज्याने बघितला नाही त्याला कसं सांगू, कोलंबियाहून आलेली कुंबिया, म्हणजे नाचाचं संगीत, पण टेपचा वेग कमी करून वाजवलेली, जडावलेली, संथ, आणि त्यावर हा कमरेत वाकून हात पसरून असा फिरतो की जणू अंगात आलंय. अभिनयाचं शिक्षण वगैरे काही नसलेला पोरगा, आणि 2019 ला कैरोच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला.

आणि मग पुढे काय वाट्याला आलं? 2021 ला 'ला सिविल' मध्ये अपहरण करणाऱ्या टोळीतला एल पुमा. 2022 ला 'मान्तो दे हेमास' मध्ये पोलीस कमांडर बाईचा मुलगा, जो गुन्हेगारांच्या नादी लागलाय. आणि कालचा हा एमिलियानो, ज्याची आई खाणीविरुद्ध उभी राहिली म्हणून तिला गायब केलं. सगळीकडे बंदुका, प्रेतं पुरलेले खड्डे, रडणाऱ्या आया. मला मनापासून वाटतं की या मुलाला काळोखात कोंडून ठेवलंय. सावळा गरीब घरचा चेहरा दिसला की दिग्दर्शकांना एकच गोष्ट सुचते का? तुमचं काय मत?

गोदाकाठ:
अजिबात पटलं नाही, आणि थोडं सविस्तर लिहितो कारण विषय जवळचा आहे. तुम्ही ज्याला काळोख म्हणताय तो तिकडे घराघरातला विषय आहे. मेक्सिकोत बेपत्ता माणसांची सरकारी नोंद 2022 च्या मे महिन्यात एक लाखाच्या पुढे गेली. एक लाख घरं, जिथे कुणीतरी अजून दाराकडे बघत बसलंय. 'ला सिविल' ज्यावरून सुचला ती मिरियम रोद्रिगेस, तामाउलिपास राज्यातल्या सान फेर्नांदोची बाई, मुलीचं अपहरण करून तिला मारलं, तर हिने एकेक गुन्हेगार स्वतः शोधून काढला, आणि 10 मे 2017 ला, म्हणजे तिकडच्या मातृदिनाला, तिलाच घरासमोर गोळ्या घातल्या. अशा देशातल्या तरुण नटाने या गोष्टी करायच्या नाहीत तर कुणी करायच्या?

दुसरं म्हणजे या तीन भूमिका तुम्ही एका माळेत ओवल्यात पण त्या एकसारख्या कुठे आहेत? एकीत तो उचलून नेणारा आहे. दुसरीत मधे लटकलेला, आई पोलिसात आणि पोरगा दुसऱ्या बाजूला. तिसरीत ज्याचं माणूस नेलंय तो. एकाच चेहऱ्याने या तिन्ही जागा भरल्या याचा अर्थ काय होतो बघा, तीच गल्ली, तोच वयोगट, नशीब कुठल्या बाजूला ढकलेल सांगता येत नाही. हे मला तरी त्याच्या कामातलं सगळ्यात मोठं वाटतं.

मुक्काम_ह्यूस्टन:
इथे आमच्या वेअरहाऊसमध्ये अर्धी माणसं मेक्सिकोची आहेत, माझ्या शिफ्टला मॉन्तेरेचाच एकजण आहे, चांगला दोस्त झालाय. त्याला मी हौसेने 'ला सिविल' बद्दल विचारलं तर म्हणाला मी हे बघत नाही, माझी बायको हे बघत नाही, आम्ही हे सोडून इथे आलो. म्हणाला हे पिक्चर युरोपात टाळ्या घ्यायला काढतात. आणि बघा ना, 'ला सिविल' फ्रान्सच्या कान महोत्सवाला गेला, तिथे त्याला धाडसाचं बक्षीस मिळालं, दिग्दर्शिका तेओदोरा मिहाई मूळची रुमानियाची. 'मान्तो दे हेमास' ला बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल हे बक्षीस. एस्कालांतेचा पण कानलाच. मी गोदाकाठशी भांडत नाही, दुःख खरंच आहे, पण ते कुणाला दाखवायला मांडलंय हा प्रश्न उरतोच की.

गोदाकाठ:
मिहाई बाहेरची म्हणून तिला दुःख कळत नाही हे मान्य नाही. आणि गोष्टीच्या मधोमध तिने टोळीवाला न घेता आई घेतली, आर्सेलिया रामीरेसचा चेहरा जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये आहे. टोळीवाल्यांना हिरो करणाऱ्या सिरियलींचा नुसता पूर आलेला असताना हे निवडणं साधं नाही. तुमच्या दोस्ताचं दुखणं मात्र समजू शकतो, ज्याच्या घरात आग लागलीय त्याला आगीचा पिक्चर कशाला दाखवायचा.

जुना_प्रोजेक्टर:
तुम्ही सगळे विषयावर बोलताय, मला अभिनयावर बोलायचंय. 'पेर्दिदोस' मध्ये माझी खरी तक्रार अशी की अर्ध्यानंतर पिक्चर त्या श्रीमंत आल्दामा कुटुंबाचाच होऊन जातो, ती गायिका आई, तो आर्टिस्ट नवरा, सोशल मीडियावर खोट्या आत्महत्येचे व्हिडिओ टाकणारी मुलगी, आणि आपला एमिलियानो त्यांच्या घरात कामाला राहून नुसता बघत राहतो. बोलायला फारसं काही नाही. त्याच्याकडे गप्प राहण्याची ताकद आहे हे दिग्दर्शकांना कळलंय आणि आता ते तेवढंच वापरतात, असं मला वाटतं. 'या नो एस्तोय आकी' मध्ये पण तो कमी बोलायचा, पण तिथे न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये त्याला भाषाच येत नव्हती, ती चिनी दुकानदाराची नात लिन त्याच्याशी बोलायला धडपडते आणि हा आतल्या आत मिटत जातो, तिथलं मौन भरलेलं होतं. इथलं मला रिकामं वाटलं. रातराणीताई, काळोख वाईट नाही हो, काळोखात त्याला उभं करून दिवा दुसऱ्यावर सोडतात ते वाईट.

चिंचेचं_झाड:
मला जब्या आठवला हे सगळं वाचताना. 'फँड्री' तला सोमनाथ अवघडे. त्यालाही नटाचं शिक्षण नव्हतं, त्यालाही बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि आपण सगळे शेवटच्या त्या दगडावर तासन् तास बोललो. पण पुढे असल्या पोरांना कोण विचारतं? त्या मानाने या मेक्सिकन मुलाला मोठमोठ्या दिग्दर्शकांनी लागोपाठ बोलावलं ही मला चांगली गोष्ट वाटते. एकदा वापरून सोडून दिला नाही. काम मिळतंय, शिकतोय. भूमिका एका साच्याच्या असतील पण पोटाला लागतं ते लागतं.

रातराणी:
चिंचेचं_झाड, हे एकदम पटलं, मी या बाजूने विचारच केला नव्हता. आणि प्रोजेक्टर म्हणतात तेच मला म्हणायचं होतं बहुतेक, नीट सांगता आलं नाही. गोदाकाठ, मी विषय टाळा म्हणत नाहीये. पण एका माणसाला आनंद होताना दाखवणं हे पण त्या देशाबद्दल खरंच बोलणं आहे ना? उलिसेस आणि त्याची लॉस तेर्कोस गँग टेकडीवर नाचते तेव्हा मला मॉन्तेरे जितकं कळलं तितकं त्या खड्ड्यांमधून नाही कळलं. त्या पोरांकडे काही नाही, पण नाच स्वतःचा आहे, केस स्वतःचे आहेत. कुणीतरी त्याला प्रेमाची भूमिका द्या, भावाची द्या, बस ड्रायव्हरची द्या, काहीही, ज्यात शेवटी मढं निघत नाही.

गोदाकाठ:
पण ताई, तो नाच हिंसेपासून वेगळा काढता येतो का? तो पिक्चर 2011 च्या आसपास घडतो, तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष काल्देरोनने टोळ्यांविरुद्ध सैन्य उतरवलं होतं त्या काळात. उलिसेस गोळीबाराच्या जागी सापडतो म्हणून त्याला गाव सोडून पळावं लागतं, आणि परत येतो तेव्हा गँग उरलेली नसते. शेवटी तो कानात हेडफोन घालून एकटाच नाचतो आणि गाणं मधेच बंद पडतं. तो नाच आपल्याला इतका लागतो कारण तो संपणार हे आपल्याला दिसत असतं. तुम्ही त्यातला आनंद तेवढा वेगळा काढून मागताय, तो तसा निघत नाही.

रातराणी:
मला माहितीय तो शेवट. मी तिथे हमसून रडले होते. तरी मागणार.

मुक्काम_ह्यूस्टन:
आज ब्रेकमध्ये दोस्ताला फोनवर फक्त नाचाचा भाग दाखवला, बाकी काही नाही. पिक्चर त्याने बघितलेलाच नव्हता. पहिल्यांदा हसला, मग म्हणाला थांब, आवाज वाढव. त्याच्या मोठ्या भावाच्या अगदी तशाच बटा होत्या म्हणे, नाक्यावर पोलीस सारखं अडवायला लागले तेव्हा आईनेच बसवून कापल्या. मग त्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि तेवढाच तुकडा परत लावला, तीन वेळा. त्या पोराचं नाव काय म्हणाला, मी सांगितलं, तर लिहून दे म्हणाला.