टाळेबंदीत लोकल इतका काळ बंद ठेवणे योग्य होते का?

प्रश्न (परळ): २३ मार्च २०२० रोजी बंद झालेली लोकल, मधली ठराविक वेळांची मुभा सोडली, तर सामान्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून, तीही लसीचे दोन डोस घेतल्यावरच, खुली झाली. वडिलांचे शिवणकामाचे दुकान तोवर कायमचे बंद पडले होते. एवढी कठोरता आवश्यक होती का?

प्रतिसाद १ (धारावी): ताई, दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सात जण होतो आणि सार्वजनिक शौचालयासमोर रोज रांग लागे, तिथे अंतर राखणार कसे? तरीही लोकलची गर्दी चालू राहिली असती, तर रुग्णालयात खाट मिळणे आणखी अवघड झाले असते, असे मला ठामपणे वाटते.

प्रतिसाद २ (लालबाग): संसर्ग रोखायलाच हवा होता, पण २४ मार्चला रात्री आठ वाजता देशभरच्या टाळेबंदीची घोषणा आणि मध्यरात्रीपासून अंमल, म्हणजे हातावर पोट असलेल्यांना जेमतेम चार तास मिळाले. आमच्या चाळीतला इस्त्रीवाला पुढे पायीच गावी निघाला, तेव्हा गिऱ्हाइकांचे कपडे घड्या घालून, नावांच्या चिठ्ठ्या लावून आईकडे ठेवून गेला. आधी शिधा आणि गाड्यांची सोय करून मग बंदी घालायला हवी होती.

प्रश्नकर्ती: हे पटते. चार दिवस आधी कळले असते, तर वडिलांना शिलाई यंत्र तरी घरी आणता आले असते.